मारूक्लाच्या सुट्टीचा बेत

बेटावरच्या आमच्या ओलिंबोस गावात घर थोरल्या मुलीचं असतं. आईचं घर, आईची शेतं, आईच्या गळ्यातली सोन्याच्या नाण्यांची माळ, सगळं तिचं. धाकटीच्या वाट्याला थोरलीच्या घरातली कामं येतात. खाली बंदरावरचे शिकलेसवरलेले लोक म्हणतात, ही पद्धत आता गेली. गेली असेल त्यांच्याकडे. रिगोपूलाच्या मानेवरून ती कधीच उतरली नाही.

रिगोपूला धाकटी. थोरली आर्खोंदूला चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर दूर पिरेउस शहरात गेली आणि जाताना घराची किल्ली बहिणीच्या हातात देऊन म्हणाली, "झाडत राहा गं." पहिल्याच हिवाळ्यात शेतावरच्या खोपटात रिगोपूलाचे दात वाजायला लागले, तेव्हा ती अंथरूण घेऊन ताईच्या घरात आली ती तिथेच राहिली. पण आमच्या घरांतून अर्धी खोली व्यापणारा जो कठड्याचा उंच लाकडी माच असतो, त्याच्यावर ती एकदाही झोपली नाही. माच मालकिणीचा. ती खाली, दाराजवळ, जमिनीवर झोपायची. भिंतीवरच्या रंगीत ताटल्या पुसून जिथल्या तिथे लावायची. आणि दर रविवारी फोनवर सांगायची, "झाडायला तेवढी जाते ताई. बाकी तू ठेवलंस तसंच आहे."

थोरलीच्या घरात धाकटी राहते, असं तोंडाने म्हणणं आमच्याकडे चोरी कबूल करण्यासारखं आहे. ताई तीनदा गावी आली. तिन्ही वेळा रिगोपूला अंथरूण डोक्यावर घेऊन खोपटात गेली आणि ताई बोटीत बसल्यावर परत आली. साऱ्या गावाने पाहिलं, कुणी चकार शब्द काढला नाही. असल्या बाबतीत आम्ही फार सभ्य लोक आहोत.

यंदा जानेवारीत ताई वारली आणि घर तिच्या मुलीचं, मारूक्लाचं झालं. मे महिन्यात मारूक्लाचा फोन आला.

"मावशी, जूनमध्ये येतेय. चारच दिवस. ऑफिसातून जास्त सुट्टी नाही."

"ये की. चार तर चार."

"मी सगळं ठरवलंय. पहिल्या दिवशी नुसता आराम. दुसऱ्या दिवशी समुद्र. तिसऱ्या दिवशी तुझ्या हातच्या माकारूनेस, घरी वळलेल्या शेवयांच्या, भरपूर कांदा तळून. आई नेहमी सांगायची. आणि घर उघडून ठेवशील ना? इतकी वर्षं बंद घर, कोंदट वास येत असेल."

"वास नाही येत," रिगोपूला म्हणाली. पुढचं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

तिनेही मग आपला एक बेत केला. तिसऱ्या दिवशी, पोरगी पोटभर जेवली की सांगायचं: मी इथेच राहते गं, मरेपर्यंत राहू दे. शेतावरचं खोपट आता राहण्याजोगं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात त्याचं अर्धं छप्पर दरीत गेलं होतं. अडुसष्टाव्या वर्षी दुसरं छप्पर कुठून आणायचं?

"आत्ताच फोन कर आणि सांगून टाक," कॉफीवाला निकोलिस म्हणाला. "पोरगी काही वाघ नाही."

"चाळीस वर्षं तिच्या आईला एक सांगितलं. आता तिला दुसरं सांगू? म्हणेल, आई मेली आणि म्हातारीने घर बळकावलं."

"मग बस खोपटात चांदण्या मोजत."

"तुझी कॉफी आधी जरा दाट कर, मग मला शिकव."

बोट यायच्या दिवशी सकाळी तिने अंथरूण, कंगवा, औषधाच्या बाटल्या, देवाची लहानशी तसबीर, सगळं गाठोड्यात बांधून वर खोपटात नेलं. जिथे झोपायची तिथली जमीन घासून पुसली. चाळीस वर्षांची खूण पुसायला तिला अर्धा तासही लागला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

संध्याकाळी ती त्याच दारावर टकटक करून उभी राहिली. मारूक्लाने दार उघडलं, तिला मिठीच मारली.

"ये ना मावशी. आपलंच घर समज."

रिगोपूला खालीच, माचाच्या पायरीवर टेकली. पोरगी गोड होती. तिच्या जागी कुणी खडूस असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

तिसऱ्या दिवशी माकारूनेस झाल्या. मारूक्लाने दोनदा वाढून घेतल्या. रिगोपूलाने हात पुसले आणि तोंड उघडलं. तेवढ्यात मारूक्लाच म्हणाली, "मावशी, काय जपलंयस गं हे घर. एक ताटली हललेली नाही. मी ठरवलंय, सप्टेंबरपासून पाहुण्यांना भाड्याने द्यायचं. रिकामंच तर असतं. तुझी झाडायची कटकटही गेली."

रिगोपूला उष्टी ताटं गोळा करायला लागली.

"तुला वाईट नाही ना वाटलं? तू इथे राहत असतीस तर मी विचारसुद्धा केला नसता. पण तुझं वर शेतावर घर आहे म्हणून."

आता एक वाक्य पुरलं असतं. रिगोपूलाला ते कळत होतं. पण पुसलेली जमीन समोर होती, भिंतीवर ताईचा फोटो होता, आणि आयुष्यभर जी बाई चोर ठरू नये म्हणून जमिनीवर झोपली, तिला ते वाक्य काही काढता येईना.

"नाही गं," ती म्हणाली. "तिथे वारा छान येतो."

चौथ्या दिवशी सकाळी मारूक्ला सामान बांधून, हातात सुट्टीच्या बेताचा कागद घेऊन दारात उभी होती. "सगळं झालं बघ. एकच राहिलं, तुझं घर बघायचं. चल, पटकन जाऊन येऊ."

रिगोपूलाने वर डोंगराकडे पाहिलं. मग पोरीच्या नाजूक चपलांकडे पाहिलं.

"चढ फार आहे बाळा," ती म्हणाली. "तुझी बोट चुकेल."

मारूक्लाने घड्याळ बघितलं, आणि कागदावरची शेवटची ओळ खोडली.