माझ्या तिरंदाजबाईला न मारणारा भाऊ

स्टाफरूममध्ये माझ्या फोनकडे बघून नाक मुरडणाऱ्यांची मला कीव येते. मी शाळेत गणित शिकवते, वय पन्नाशीच्या पुढे, आणि मधल्या सुट्टीत फोनवर चौकोनांच्या पटावर सैनिक सरकवते. "मॅडम, अजून तोच खेळ?" असं विचारणाऱ्या बायका स्वतः अंगठा झिजेपर्यंत रील्स वर ढकलत असतात. आत्ता पाहिलेली रील कशावर होती, असं विचारलं की त्या माझ्याकडे बघतच राहतात. घरी वेगळीच तऱ्हा. आमचे हे निवृत्त झाल्यापासून धाडधाड गोळ्या झाडायच्या खेळात रमलेत. सोफ्यावर बसून ओरडतात, मरतात, जिवंत होतात, परत मरतात. आपण का मेलो हे त्यांना एकदाही कळलेलं नाही, आणि कळून घ्यायची इच्छाही दिसत नाही.

माझ्या खेळात माणूस का मेला ते कळतं. दोन्हीकडे मूठभर माणसं. ढालवाले, भालेवाले, एक वैद्य, एक सरदार, एक तिरंदाज बाई. आधी मी माझी माणसं हलवायची, मग समोरच्याने त्याची. तो खेळेपर्यंत मला बोट हलवता येत नाही, आणि मी खेळेपर्यंत तोही हात बांधून बसतो. मध्ये कुकर लावा, पेपर तपासा, लाईट गेली म्हणून गच्चीवर जाऊन शेजारणीशी गप्पा मारा, पट होता तसाच असतो. हरलात तर घाई झाली, हात घसरला, नेट गेलं, असलं काही सांगायची सोय नाही. तुम्हीच तिथे उभं केलं होतं त्याला, म्हणून तो मेला. असले खेळ कॉम्प्युटर आले तेव्हापासून आहेत. चित्रं सुधारली, बाकी काडीचा फरक नाही, आणि तरी लोक ते सोडत नाहीत. का सोडत नाहीत हे ज्यांना कळत नाही त्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडलेलं असतं.

मला हा नाद शाळेनेच लावला. शाळेत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, वर प्लास्टिक घातलं आणि खोलीला कुलूप लावलं. बिघडले तर कोण जबाबदार, या भीतीने एकही गुरुजी तिकडे फिरकला नाही. किल्ली माझ्याकडे आली, कारण मी गणिताची. एका मशीनमध्ये कुणीतरी असाच एक खेळ घालून ठेवला होता. शाळेत तेवढंच एक काम विचार करून होत होतं.

भावाला खेळ मी लावला. माझा धाकटा भाऊ मंद्रूपला शेती बघतो. आईची औषधं न्यायला सोलापूरला यायचा आणि एसटीची वेळ होईपर्यंत माझ्याकडे जांभया देत बसायचा. म्हटलं, जांभया देण्यापेक्षा खेळ. त्याच्या फोनमध्ये घालून दिला. मग रोज त्याची एक खेळी, माझी एक. खेळायचा मात्र अगदीच भिकार. वैद्य पुढे, ढालवाले मागे, सरदार भलत्याच टेकडीवर. आणि काही झालं तरी माझ्या तिरंदाजबाईला मारायचा नाही. समोर एकटी उभी असली तरी तिला वळसा घालून जायचा. मी विचारलं तर म्हणाला, "आक्का, बाईमाणसावर कसा हात टाकायचा?"

"अरे, चित्र आहे ते."

"चित्र असलं म्हणून काय झालं? बाईच हाय की."

मग मी तिलाच पुढे घातलं. ती एकटी त्याची सगळी फौज कापून काढायची, आणि तो हरून खूश. "जिंकलीस व्हय? बरं झालं." मला त्याची दया आली नाही. आमच्याकडच्या पुरुषांचा हा मोठेपणा मला पाठ आहे. बहिणीला एसटीत खिडकी धरून देतील, पिशवी हातातून ओढून घेतील, पंगतीत तिच्या ताटात आधी वाढायला लावतील. त्यात त्यांचं जात काहीच नाही.

आई गेली. तिच्या वर्षश्राद्धाला गावी जेवणं उरकली, आणि हातावर बडीशेप ठेवता ठेवता भाऊ म्हणाला, "आक्का, हक्कसोडीची सही तेवढी करून टाक एकदा. गाडीनं नेतो, गाडीनं आणून सोडतो." हक्कसोड म्हणजे बहिणीने वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडून द्यायचा. कायदा बरोबरीचा वाटा देतो, आणि आमची रीत तो हसतमुखाने परत घेते. सही झाली की भावजय ओटी भरते, साडी देते, आणि लेक मोठ्या मनाची म्हणून गावभर कौतुक होतं. आमच्या स्टाफरूममधल्या सगळ्या जणी सही करून मोकळ्या झाल्यात आणि साडीचा रंग अजून सांगतात. तोंडाला पानं पुसून घेतल्याचा एवढा अभिमान मी दुसरीकडे पाहिला नाही.

"मी नाही करणार," मी म्हणाले.

"का?"

"माझा वाटा आहे म्हणून."

भावजय उठून आत गेली. भाऊ ओरडला असता तर बरं झालं असतं. तो "बरं" म्हणाला, माझी पिशवी घेऊन स्टँडपर्यंत आला, खिडकी धरून दिली आणि गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही. भाऊबीजेला मी ताट तयार ठेवून बसले, तो आला नाही. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. जमीन हवी होती, खोटं कशाला बोलू. भाऊही हवा होता. आमच्याकडे बाईला यातलं एकच मिळतं, आणि कुठलं निवडायचं हे लोकांनी आधीच ठरवलेलं असतं.

लोकांनी निकालही लावून टाकला. नणंद म्हणाली, सही करून टाका, माहेर तुटतं. शेजारीण म्हणाली, कोर्टात जा, त्याला दाखवाच. स्टाफरूममध्ये तर मी शिरले की आवाज खाली यायचे. एकट्या त्या पटावर काहीच ठरलं नव्हतं. आमचा डाव अर्ध्यावर होता, खेळी त्याची होती, आणि फोनवर तेवढंच दिसायचं, समोरच्याची खेळी बाकी. खाली एक बटण होतं, समोरचा बरेच दिवस खेळला नाही तर विजय घेऊन टाकायचं. अधीर लोकांसाठी ठेवलेलं असतं ते. आमचे हे एकदा डोकावून म्हणाले, "घे की विजय, संपव एकदाचं." मी म्हटलं, तुम्ही तुमच्या सोफ्यावर जाऊन मरा. मग मीच रोज फोन उघडून बघायची. रानात ज्वारी हुरड्याला आली असेल, काढून झाली असेल, खळीही उरकली असतील, आणि पट तसाच.

मार्चमधल्या एका दुपारी, पेपरचे गठ्ठे बांधून झाल्यावर, खेळी आली. त्याचा भालेवाला टेकडीवरून उतरला होता आणि माझी तिरंदाज बाई मेली होती.

मला संताप आला. सूड उगवला म्हटलं मेल्याने. समोर यायची हिंमत नाही, बहिणीवरचा राग चित्रावर काढतोय. मनातल्या मनात त्याला येतील त्या शिव्या घातल्या. मग पट नीट पाहिला. भालेवाल्याच्या दोन्ही बाजूंना ढालवाले होते. वैद्य मागे, हात पोचेल एवढ्या अंतरावर. सरदार किल्ल्याच्या आडोशाला. एकही माणूस वाऱ्यावर सोडलेला नव्हता. रागाच्या भरात असं खेळता येत नाही. इतके महिने तो हा पट उघडून बसत होता, विचार करत होता, आणि पहिल्यांदाच माझ्याविरुद्ध खेळला होता. मी शाळेत बसून चक्क हसले, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बघू देत.

मी लगेच खेळले नाही. उत्तर सुचतही नव्हतं, त्याने मला चांगलंच कोंडलं होतं. संध्याकाळी भाकरी थापत असताना फोन वाजला.

"आक्का, तुझी खेळी हाय. किती येळ लावतीस?"

इतक्या महिन्यांनी हे. मीही काही कमी नाही. "माझ्या तिरंदाजबाईला मारलंस," मी म्हणाले.

"मारलं की. तिला पुढं कशाला उभी करतीस?"

"तू मारत नाहीस म्हणून."

"आता मारणार."

तव्यावरची भाकरी करपली, मी गॅस बंद केला. त्याच्या मागे म्हैस ओरडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "कुटलं पायजे तुला? हिरीकडचं का माळाचं?"

विहिरीकडचं रान काळं, कसदार, बारमाही पाण्याचं. माळावर निम्मे दगड. चांगली बहीण अशा वेळी म्हणते, तू देशील ते.

"विहिरीकडचं."

"ते मी देणार न्हाय."

"मग मी भांडेन."

"भांड की," तो म्हणाला. "पर फोनवर काय भांडतीस? घरी ये."