दादा दारात थांबतो

आमच्या घरी गेमचा एकच नियम आहे: नवा भाग उघडायचा तो दोघांनी मिळून. दोघं म्हणजे मी आणि माझा मोठा भाऊ. दादा वणीजवळच्या कोळसा खाणीत जमिनीखाली काम करतो, मी गावातल्या शाळेत गणित शिकवते. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली, तर्री पोहे झाले, की टीव्हीसमोर सतरंजी पडते. पडदा मधोमध दुभागतो. डाव्या अर्ध्यात तो, उजव्या अर्ध्यात मी. वहिनी जाता-येता म्हणते, "बसले लेकरं दोघं."

आमची आवडती मालिका खजिना शोधणाऱ्या दोन भटक्यांची. पडके किल्ले, तळघरं, भुयारं. दादा प्रत्येक भुयाराच्या तोंडाशी थांबतो आणि छतावर काठी मारून पाहतो. गेममध्ये त्याचा काडीचा उपयोग नाही. पण खाणीत त्याचं कामच ते आहे. सुरुंग उडाल्यावर सगळ्यांच्या आधी आत जायचं, लोखंडी सळईनं छत ठोकायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, पोकळ वाजलं तर ओरडायचं. तिथे लहान-मोठं कोणी नसतं, ज्याला कळलं त्यानं आवाज द्यायचा. एकदा एका सोबत्यानं असाच आवाज दिला म्हणून दादा मागे सरला आणि दगड त्याच्या समोर पडला. हे त्यानं भाकर मोडता मोडता सांगितलं, आणि वहिनी ताटावरून उठून गेली.

तर गेममध्येही पुढे तोच असतो. मी मागे.

यंदा त्या मालिकेचा एक जगावेगळा भाग आला. तेच दोन भटके, तीच ओळखीची गावं, फक्त गावकरी मरून उठलेले. झॉम्बी! दादा म्हणाला, "खजिने सरले वाटते यांचे, आता मुडदे उठवून राह्यले." पण डोळे चमकले होते लेकाचे. नेमकी तेव्हाच त्याची ड्युटी वाढली आणि रविवारही गेले. गेम घरात तसाच पडून. आणि मी शहाणी, 'नुसती सुरुवात पाहू' म्हणून बसले. सुरुवात पाहण्यात दुपार गेली. मग शाळेतून आले की रोजच. पार शेवटापर्यंत खेळले. त्याला कळू नये म्हणून माझा सगळा खेळ पुसून टाकला, आणि पुसताना स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं. आता त्या कौतुकाचीच जास्त लाज वाटते.

दादाला अखेर सुट्टीचा रविवार मिळाला. मी नाटक सुरू केलं. मुडदे दिसले की दचकायचं, "माय वो!" म्हणून ओरडायचं, मुद्दाम चुकीच्या वाटेला लागायचं. तो हसत होता. "भेऊ नको, मी आहो न पुढं." ते ऐकूनही मी नाटक सोडलं नाही.

मग जुनी गढी आली. तळच्या कोठाराच्या दारात दादा थांबला, सवयीनं काठी मारली. मला ठाऊक होतं, आत पाय ठेवला की छतावरून मुडदे पडतात आणि पुढचा वाचत नाही. एकटी खेळताना मी तिथेच मेले होते. नुसतं 'थांब' म्हणायचं होतं. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. पण थांब म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, तुला कसं कळलं? माझं पितळ उघडं पडू नये म्हणून मी गप्प राहिले.

तो आत गेला. आणि माझ्या बोटांनीच घात केला. छतावरून काही पडायच्या आधीच माझी बंदूक वर रोखलेली होती. उजव्या अर्ध्यात नुसतं छत दिसत होतं, डाव्या अर्ध्यात दादा मरत होता.

त्यानं कंट्रोलर सतरंजीवर ठेवला. "तुले माहीत होतं न?"

"हो. मी खेळली रे आधीच. पूर्ण."

चिडला असता तर बरं झालं असतं. "खेळली त खेळली," तो म्हणाला. "त्याचं काही नाही. पण मी आत जाऊन राह्यलो होतो न बाई. आवाज काहून नाही देला?"

"दादा, गेम आहे तो," मी म्हणाले, आणि म्हणतानाच कळलं, हे बोलायला नको होतं. तो उठून बाहेर निघून गेला.

आठवडाभर मी स्वतःला समजावत होते की कोणी मेलं नाही, काही बिघडलं नाही. पण माझं गप्प राहणं काही गेममधलं नव्हतं. मी खरोखर गप्प राहिले होते, शेजारी मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसाजवळ.

पुढच्या रविवारी वाटलं, तो बसणार नाही. पण पोह्यांची ताटली ठेवून तो सतरंजीवर येऊन बसला. तीच गढी, तेच कोठार. दारात थांबला, छतावर काठी मारली. मग बाजूला झाला.

"जाय, तू हो पुढं. मी आवाज देतो."

आत काय आहे ते मला पाठ होतं, त्यालाही आता ठाऊक होतं. तरी मी पाय उचलला तसा तो ओरडला, "मांगं सर!" असा ओरडला, की वहिनी पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली.

मी मागे सरले. त्याच्याकडे मान वळवून पाहणं मात्र मला जमलं नाही.