माह्याच हातून पडली

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, तेव्हा मी शिक्षक होतो आणि दर आठवड्याला अमरावतीहून अकोल्याला जात असे. अकोला स्टेशनात सामानाच्या खिडकीशी एक बाबू बसत. त्यांचं नाव मी कधीच विचारलं नाही. पेटी हरवलेला कुणी ओरडत आला, की ते म्हणत, "बसा भाऊ, आधी पानी प्या." मग एकेक वस्तू विचारून भरपाईचा अर्ज स्वतःच लिहून देत.

एकदा मोर्शीकडची एक माळीण फुटकी पेटी घेऊन आली. लेकीच्या लग्नासाठी घेतलेली भांडी आत चेपली होती. स्टेशनमास्तर बाबूंना म्हणाले, "पेटी मुळातच कच्ची होती, असं लिहा." तसं लिहिलं, की बाईची भरपाई बुडणार होती.

बाबूंनी टाक खाली ठेवला. "कच्ची नव्हती, साहेब. हमाल नव्हता म्हनून मी उतरवली, अन् माह्याच हातून पडली. तसंच लिहून राहिलो."

"नोकरी नकोशी झाली का?"

"पायजे ना. पन बाईनं पेटी आपल्या भरवशावर देली होती."

बाईला भरपाई मिळाली. बाबूंची बढती मात्र अडली. मी हळहळलो, तर ते खुशीत म्हणाले, "लग्नाले गेलो होतो, गुरुजी. नव्या पराती नुसत्या लखलखून राहिल्या होत्या."