खंडेनवमीला न थांबलेलं यंत्र

प्रियदर्शनी ढोले वाशिमहून पुण्याला भांडायलाच आली, असं आमच्या कॉलेजात म्हणतात. मी प्रयोगशाळेतली यंत्रं सांभाळतो. मी म्हणतो, बरं झालं आली.

तिचं पीएचडीचं काम सांगायला सोपं. तडे गेलेल्या काँक्रीटच्या बीमला खालून कार्बनच्या धाग्यांचं कापड चिकटवायचं आणि यंत्राने त्याला सारखं दाबायचं, सोडायचं. पुलावरून गाड्या जातात तसं, लाखो वेळा.

कापडवाल्या कंपनीचे जयसिंगसाहेब तिला शिष्यवृत्ती देत. बीमने न मोडता दाबांचा ठरलेला आकडा ओलांडला आणि ते खूश झाले.

"झालं की! उद्या खंडेनवमी, यंत्र बंदच राहणार. पूजा झाली की बीम उतरवा आणि रिपोर्ट लिहा."

"मोडेपर्यंत चालवणार, सर."

"मग शिष्यवृत्तीचं तुमचं तुम्ही बघा."

"बघते."

दुसऱ्या दिवशी मी झेंडू, कुंकू घेऊन गेलो. यंत्र धडधडत होतं. माझ्या हयातीत खंडेनवमीला इथला एक स्क्रूसुद्धा फिरलेला नाही.

"बंद कर ते. आज हत्यारं विसावा घेतात."

"काका, पुलाला दसऱ्याची सुट्टी असते का? चालत्या यंत्राची पूजा करा."

असा संताप आला मला! पण कार्टीच्या तोंडाला कोण लागणार? बोटं सांभाळत हार घातला. झेंडू वरखाली नाचायला लागले आणि खरं सांगतो, मला ते आवडलं.

जयसिंगसाहेब प्रसादाला आले. पेढा त्यांच्या हातातच होता, तेवढ्यात धाडकन आवाज झाला. बीम मधोमध खचला, कापड सुटून लोंबायला लागलं आणि यंत्र आपोआप बंद पडलं.

साहेबांनी वाकून पाहिलं. "बघा, कापड कुठेही फाटलेलं नाही!"

"नाहीच फाटलं," ती म्हणाली. "आतली सळई तुटली. वाढणारे तडे कापडाआड दिसत नव्हते, एवढंच."

साहेबांनी पेढा ठेवून दिला. "हे रिपोर्टमध्ये यायलाच हवं का?"

"पहिल्या पानावर येईल."

साहेब तडक निघून गेले. शिष्यवृत्ती गेली हे तिलाही कळलं, मलाही. क्षणभर तिचे डोळे भरले. मग तिने मोडक्या बीमला कुंकवाचं बोट लावलं.

"काका, दुसरा बीम चढवायचा."

"आज खंडेनवमी आहे," मी म्हणालो आणि पाना घेतला.