मावशीच्या आवाजात पाच मिनिटं

माझी मावशी कॉलेजच्या मुलांची समुपदेशक. ती घरी खुर्चीत डोळ्यांवर व्हीआरचा हेडसेट चढवून बसते, मुलं आपापल्या होस्टेलवर, आणि दोघं भेटतात एका खोट्या बागेतल्या बाकावर. मी तिची हुबेहूब नक्कल करते, असा माझा समज होता.

त्या दिवशी मावशी दारात कुरिअरवाल्याशी बोलत होती आणि हेडसेटमध्ये घंटी वाजली. मी शहाणीने तो चढवला. बाकावर एक मुलगी बसली होती. तिला मी मावशीच दिसत होते.

"मॅडम, मी आज कॉलेज सोडायचा अर्ज देतेय."

माझी पाचावर धारण बसली, पण तोंड थोडंच गप्प बसतंय! "हे बघ बाळा..." मऊ सूर लावून मी पाच मिनिटं धीरावर व्याख्यान झोडलं.

मुलगी काळजीने म्हणाली, "मॅडम, तुम्ही कधीच इतकं बोलत नाही. बऱ्या आहात ना? पाणी प्या जरा."

तेवढ्यात मावशीने हेडसेट उपटून स्वतः चढवला. "मघाशी माझी आगाऊ भाची होती. हेडसेट उघडा टाकला, चूक माझी. आता बोलायचं की नाही, तू ठरव."

मग ती नुसती ऐकत राहिली. अर्ध्या तासात चार वेळा 'हं', आणि शेवटी, "बरं, अर्ज गुरुवारपर्यंत तुझ्याकडेच राहू दे."

हेडसेट काढून ती मला म्हणाली, "गुरुवारी तिला तुझी माफी हवीय. तुझ्याच आवाजात, दोन वाक्यांत."

लिहायला बसलेय. सध्या अकरा झालीत.