हातांनी काय उचललं

आमच्या डिंडोलीच्या गल्लीत हल्ली संध्याकाळी मोबाइल फिरतो. कुठे पूल कोसळला, कुठे बस पेटली, कुठे कोणी नदीत पडलं, सगळं त्या इवल्याशा काचेवर. बघून झालं की लगेच निकाल लागतो. हा पळाला, भेकड. ही नुसती ओरडत उभी राहिली, बिनकामाची. परवा आमच्या शेजारच्या गृहस्थांनी ठणकावून सांगितलं, "मी असतो ना, तर सरळ उडी मारली असती." हा माणूस घरात पाल निघाली की बायकोला हाक मारतो. मी तसं तोंडावर म्हटलं. मला गप्प बसता येत नाही, आणि या विषयावर तर मुळीच नाही, कारण माझ्या वहिनीचं अख्खं आयुष्य असल्याच एका निकालाखाली गेलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माझं सासर त्याच गल्लीत, त्यांच्या घरासमोरच, त्यामुळे नणंद-भावजय म्हणून आम्ही भांडलोही खूप आणि एका ताटात जेवलोही खूप. गोष्ट आहे माझी भाची पाळण्यातली होती तेव्हाची. भाऊ नवागामला लूमच्या खात्यावर, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, जायचा आणि वहिनी घरी साड्यांचं काम करायची. तेव्हा गल्लीतल्या सगळ्याच बायका करायच्या. मार्केटमधून साड्यांचं पोटलं यायचं, त्यावर टिकल्या चिकटवायच्या, लोंबते धागे कापायचे, घड्या घालून परत पाठवायचं. घर म्हणजे एकच खोली. जमिनीवर साड्या पसरल्या की पाय ठेवायला जागा नाही, मग तान्हं मूल निजवायचं कुठे?

त्यावर आम्ही एक युक्ती काढली होती. झालेल्या साड्या एका चादरीवर रचायच्या आणि त्या मऊ ढिगावर बाळ निजवायचं. लाइट गेली, उकडायला लागलं, की चादरीची चारही टोकं एकत्र धरायची आणि बाळासकट सगळं उचलून दाराबाहेरच्या ओट्यावर आणायचं. माल मळत नाही, पोर जागं होत नाही. दिवसातून कितीदा तरी हे चालायचं. माझी दोन्ही पोरं अशीच वाढली. आमच्या गल्लीत टोकं उचलली म्हणजे पोर उचललं, एवढं ते अंगवळणी पडलं होतं.

मग गावाहून आमची आई आली. धुळ्याकडची खमकी बाई. तिने हा प्रकार पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अय माय वं! शेठच्या मालावर पोर निजवतेस? मुतली म्हणजे?" म्हणून तिने दुसऱ्याच दिवशी सकाळी स्वतःचं जुनं मऊ लुगडं काढलं, छताच्या कडीला बांधून मागच्या कोपऱ्यात झोळी केली आणि नातीला त्यात घातलं. वहिनीने ते पाहिलं होतं. झोळीला दोनदा झोकाही दिला होता. हे मी लपवत नाही.

त्याच दुपारी आई शेजारणीकडे गप्पा मारायला गेली, आणि वहिनीने चहा ठेवला. गॅसच्या नळीने भक्कन पेट घेतला. सिंथेटिक साड्या कशा जळतात हे ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. ज्वाळा उठत नाही तोवर त्या वितळून टपटप खाली गळायला लागतात. मी समोरच्या ओट्यावर धागे कापत बसले होते. किंकाळी ऐकली, मान वर केली, तर वहिनी दारातून बाहेर येत होती. चादरीची चार टोकं मुठीत, गाठोडं छातीशी घट्ट. ती गल्लीच्या मधोमध बसली आणि ते गाठोडं थोपटायला लागली.

आई धावत आली. "पोर कोठे शे?" वहिनीने गाठोडं पुढे केलं. आईने चादरीचं टोक बाजूला केलं. आत साड्या.

त्यानंतर वहिनीच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला लिहिता येणार नाही. ती उठून आत धावली तर दोघींनी तिला धरून ठेवलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी भाऊ दिसला, दुपारच्या जेवणाला घरी येत होता. त्याने कोणाला काही विचारलं नाही. उंबऱ्यापाशी आला, पायातल्या चपला काढल्या, नेहमीसारख्या भिंतीला लागून ठेवल्या, आणि आत शिरला. बाहेर आला तेव्हा एक हात कोपरापर्यंत भाजला होता आणि दुसऱ्या हातात लुगड्यात गुंडाळलेली भाची खोकत होती. तिला ओरखडाही नव्हता. देवाची कृपा म्हणा, नशीब म्हणा, झोळी मागच्या कोपऱ्यात होती आणि आग पुढे होती. मग पुरुषांनी वाळू टाकून, ओली पोती टाकून आग विझवली.

आग विझायच्या आत निकाल लागला होता. माल वाचवला, पोर सोडली. बस्स. जी बाई स्वतःच्या घरी तशीच टोकं धरून पोर उचलत होती, तीही म्हणाली. मी ओरडून सांगितलं, अगं, ती थोपटत होती ना, मालाला कोणी थोपटतं का? त्यावर आई म्हणाली, ठिणग्या विझवत असेल. झालं. थोपटणं आणि ठिणग्या विझवणं लांबून सारखंच दिसतं, मी तरी काय भांडणार? झोळी कोणी बांधली, हे मात्र कोणी काढलं नाही. आईपुढे तोंड उघडायची कोणाची छाती होती!

आणि भावाच्या चपला! त्याची गंमत झाली. घर पेटलंय, लेक आत आहे, आणि हा पठ्ठ्या चपला काढून ठेवतोय! लोक कौतुकाने सांगायचे, भाऊही हसायचा. म्हणायचा, "मला तर काढल्याचं आठवतही नाही." मला सांगा, त्याच्या पायांनी सवयीने जे केलं ते हसण्यावारी गेलं, आणि तिच्या हातांनी सवयीने जे केलं त्याचा डाग झाला. हा कुठला न्याय? उद्या त्या चपलांपायी उशीर झाला असता, तर लोकांनी त्यालाही खलनायक केलं असतं. आपण माणूस जोखत नाही, शेवट बघतो आणि मागे जाऊन माणसाला नाव ठेवतो. मी भावाला हे एकदा ऐकवलंही. तो म्हणाला, "जाऊ दे ना, झालं ते झालं." त्याने तिला कधी बोल लावला नाही, पण तिच्या बाजूने एक शब्दही काढला नाही. त्याचा मला अजून राग येतो.

वहिनीने साड्यांचं काम सोडलं आणि खात्यावर धाग्याच्या बॉबिन भरायला जायला लागली. लेकीला वाढवलं, शिकवलं, पण दुसऱ्याच्या बाळाला तिने परत हात लावला नाही. बारशाला गेली तरी दाराशी उभी. कोणी बाळ पुढे केलं की म्हणायची, "राहू दे, माझे हात ओले आहेत." कोरडे असायचे. मी बघायचे आणि जीव तुटायचा.

भाचीचं लग्न कोसाडला झालं. लग्नात आमच्या आईने लेकाच्या शौर्याची गोष्ट विहीणबाईंना रंगवून सांगितली, आणि लेकाचं शौर्य सांगायचं म्हणजे सुनेची फजिती आलीच. पुढे भाचीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. विहीणबाई वाईट नाहीत, गोडच बोलल्या, "पाठवतो की, पण बाळाजवळ आणखी कोणीतरी असू द्या." वहिनीला हे कळलं तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, तिचं सासरीच होऊ दे. मला नका सांगू." आणि भाजी निवडत बसली. लेकीचं पहिलं बाळंतपण आपल्या हातून करायचं, या एका गोष्टीसाठी ती बाई इतकी वर्षं थांबली होती, हे मला माहीत होतं. तिच्या ट्रंकेत दुपटी शिवून तयार होती.

एका रविवारी भाची आली. पोट दिसायला लागलं होतं. माझ्याकडे येऊन बसली. आमच्यात आत्याला फुई म्हणतात. म्हणाली, "फुई, खरं काय ते सांग. मला ठरवायचंय." मी काय, वाटच बघत होते. चादर, चार टोकं, झोळी, थोपटणं, सगळं वकिलासारखं मांडलं. ती ऐकत राहिली. मग उठून सरळ समोर वहिनीकडे गेली, आणि मी तिच्या मागे.

"मम्मी, तू मला उचलायला गेली होतीस की साड्या?"

वहिनी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. मी मनात म्हणत होते, बोल बाई, तुलाच, तुलाच उचलायला, एवढं बोल. ती म्हणाली, "माले काहीच याद नही."

भाचीने मान हलवली, पाणी प्यायली आणि निघून गेली. मी वहिनीवर अशी तापले! "हो म्हणायला काय जात होतं तुझं? एवढी वर्षं मी गल्लीशी भांडतेय ती उगाच?"

ती म्हणाली, "पोटच्या पोरीला खोटं सांगू, ताई? माल जळाला तर भरून कुठून देणार, हेही दिवसभर डोक्यात असायचंच ना. तुम्ही म्हणता तसं असेल. नसेलही. मला चादर हातात घेतल्याचंच आठवत नाही, मग कशासाठी घेतली ते कसं आठवेल?"

मला वाटलं, संपलं. पण आठव्या महिन्यात रिक्षा दारात थांबली आणि भाची बॅग घेऊन उतरली. वहिनी ओट्यावर होती. तिने पदर तोंडात कोंबला आणि आत पळाली.

मुलगी झाली. वहिनीने डिंकाचे लाडू केले, बाळंतिणीला शेक-शेगडी दिली, सगळं केलं, पण नात मांडीवर घ्यायची तर खोलीत मी हवी. मी दिसले नाही तर हाक मारायची, "ताई, येता का जरा?" मी समोर बसले की मगच घ्यायची. मीही बसायचे. विहीणबाईंची तशी अटच होती, असं मी स्वतःला सांगायचे.

सव्वा महिना झाला त्या दिवशी भाचीने डोकं विंचरलं, ओढणी घेतली, बाळ वहिनीच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "बाजारात जाऊन येते. चाल ने, फुई."

वहिनी घाबरलीच. "अगं, ताईंना तरी राहू दे."

"नाही. फुई माझ्याबरोबर येतेय."

आम्ही बाहेर पडलो. मी चालता चालता विचारलं, "त्या दिवशी मी एवढं समजावलं ते पटलं ना तुला?"

"नुसत्या तुझ्या वकिलीवर मी आलेच नसते," ती म्हणाली. "तू म्हणालीस तेच मम्मीने म्हटलं असतं, तर मला वाटलं असतं, एवढ्या वर्षांत हिने उत्तर पाठ केलंय. खोटं बोलली तर मी लगेच तिची होईन, असं तिला वाटत असणार, तरी ती नाही बोलली. आणखी काय पाहिजे? माझे हात उद्या काय करतील, मला तरी कुठे माहीत आहे?"

गल्लीच्या तोंडाशी आलो. मागे घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि माझे पाय आपोआप मागे वळले. माझे! गल्लीभर जिची बाजू घेऊन भांडले, तिच्याच दाराकडे.

भाचीने माझं मनगट धरलं. "मागे बघू नको, फुई," ती म्हणाली.