बुजवलेला माग

फुकट काही मिळतं यावर माझा कधी विश्वास बसला नाही, या वयातही बसत नाही. भाजीवाल्याने कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त टाकल्या तरी मी जुडी उलटून बघते. या खोडीपायी एकदा मी घराचं चांगलंच नुकसान केलं. भोगलं ते माझ्यापेक्षा आमच्या मालकांनी.

आम्ही जामखेडकडचे, घोंगड्या विणणारे. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. घरात एक माग होता, जमिनीत खड्डा घेऊन बसवलेला. विणणाऱ्याने त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं. मालकांचा हात त्यावर असा चालायचा की बघत राहावं. पण हाताने लोकर पिंजण्यातच दिवस सरायचे, माल थोडा निघायचा, आणि दिवाळी झाली की पोटासाठी श्रीगोंद्याकडे ऊस तोडायला जावं लागायचं. ते कोयत्याचं काम मालकांच्या अगदी जिवावर यायचं.

अशात पंचायत समितीचे एक साहेब आले. मागास भागातल्या कारागिरांसाठी योजना आहे म्हणाले. लोकर पिंजायच्या यंत्राचे निम्मे पैसे सरकार देणार, ते परत करायचे नाहीत.

"म्हंजी औंदा कोयता न्हाई," मालक मला म्हणाले. इतके खुशीत मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

फॉर्म मी वाचला. घरात चौथीपर्यंत शिकलेली मी एकटीच. माग किती, घर कुणाच्या नावावर, मुलं किती. माझ्या मनात पाल चुकचुकली. मुलं कशाला मोजतात? नसबंदीवाले तेव्हा गावोगाव फिरत होते. माग कशाला मोजतात? कर बसवायला, दुसरं काय! आणि घराचा उतारा मागतात तो नंतर घर ओढून घ्यायलाच, याची तर मला खात्रीच पटली.

साहेब आठ दिवसांनी पाहणीला येणार होते. सरकारी माणूस यायचा असला की काय करायचं, ते आमच्या गावात ठरलेलं होतं. लेव्हीची, म्हणजे सरकारला सक्तीने द्यायची ज्वारी न्यायला माणसं आली की शेतकरी धान्याच्या पेवाचं तोंड मातीने बुजवायचे, वर शेणाने सारवायचे आणि त्यावर बाज टाकून खुशाल बसायचे. मी तेच करायचं ठरवलं.

"अगं, त्यो माग बघायलाच येतोय," मालक कुरकुरले.

"आधी त्येच्या पोटात काय हाय ते कळू द्या. माग काय पळून जातोय व्हय?"

मामंजींनी माझी बाजू घेतली. मागाची लाकडं सोडून कडब्याखाली लपवली, खड्डा मातीने भरला, आणि मी वरून सारवण घातलं. आपण किती हुशार, असं मला तेव्हा वाटलं होतं.

साहेब आले ते नेमके तिथेच उभे राहिले. खालची भर मऊ होती, त्यांचा बूट रुतला. त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, इथे माग आहे ना? नुसतं हो म्हणा, मी लिहून घेतो. मागच नसेल तर यंत्र कुणाला देऊ?"

मालक माझ्याकडे बघत होते. त्यांना हो म्हणायचं होतं, हे मला स्वच्छ कळत होतं. तरी मी नको म्हणून मान हलवली.

"न्हाई सायेब," मालक म्हणाले. "आमच्यात माग न्हाई."

यंत्र पलीकडच्या गावात एकाला मिळालं. त्याच्यावर ना कर बसला, ना त्याचं घर गेलं. मी मात्र बरेच दिवस 'बघा, उद्या येतील वसुलीला' म्हणत राहिले.

दिवाळीनंतर आम्ही उसाच्या फडात होतो. मालकांच्या तळहातांना फोड आले होते, मी चिंधी बांधत होते.

"खरं सांग," ते म्हणाले. "त्या सायबाचं तुला काय खटकलं गं?"

फॉर्म, उतारा, नसबंदी, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण त्या हातांकडे बघून खोटं बोलवेना. पहिल्या दिवशी साहेबांनी दारातली घोंगडी उचलून तिच्यावरून हात फिरवला होता, आणि असं काम मी कुठे पाहिलं नाही म्हणाले होते. कचेरीतल्या माणसाने आम्हाला कधी चांगलं म्हटलेलं मी ऐकलंच नव्हतं. तेव्हाच मी ठरवलं होतं की हा माणूस लबाड आहे.

"त्यांनी तुमच्या घोंगडीला चांगलं म्हनलं," मी सांगितलं.

मालकांनी हात सोडवून घेतला आणि कोयता उचलून ते उसात शिरले.